सुऱ्यांचं फिनिशिंग : हीट ट्रीटमेंटनंतरच्या नोंदी

१२ जून

मी बनवत असलेल्या सुऱ्यांची तिन्ही पाती भोसरीहून हीट ट्रीटमेंट होऊन आली. स्टील एन-३१, म्हणजे बेअरिंगचं स्टील, साधारण एक टक्का कार्बन आणि त्यात थोडं क्रोमियम. एक मोठा सुरा २१० मिमीचा, तो रत्नागिरीला ताईकडे जाणार, मासे आणि एकूणच स्वयंपाकघरातलं सगळं काम. दुसरी छोटी सुरी १३० मिमीची, तिसरी मित्रासाठी, जवळजवळ तेवढीच. सॉल्ट बाथमध्ये, म्हणजे वितळलेल्या मिठात, ८४० डिग्रीच्या आसपास तापवून तेलात टाकली आणि मग २०० डिग्रीला दोन-दोन तास दोनदा टेंपर, म्हणजे ठिसूळपणा कमी करायला परत हलकं तापवणं. मुठीत जाणाऱ्या भागावर हार्डनेस रॉकवेल ६० आलाय. मला हवा होता तेवढाच.

सॉल्ट बाथवरून आलेलं पातं घरी आल्या आल्या गरम पाण्याने धुवायचं, यात आळस चालत नाही. मीठ पिनांच्या भोकात अडकून बसतं आणि पावसाळी हवेत तिथून गंज सुरू होतो, वरून पातं चकाचक दिसत असलं तरी. कढत पाणी, जुना टूथब्रश, प्रत्येक भोकातून पाणी आरपार, मग पुसून हेअर ड्रायर आणि शिलाई मशीनचं तेल.

धार मी ०.८ मिमी जाड ठेवून पाठवली होती, कारण त्याहून पातळ केली की तेलात पडताना पातं वाकायची भीती जास्त. काचेवर ठेवून बघितली, तिन्ही सरळ आहेत. आणि पाठवायच्या आधीच सगळ्या बाजू १२० नंबरपर्यंत (नंबर मोठा तितका पेपर बारीक) घासून ठेवल्या होत्या, हे फार महत्त्वाचं. मऊ स्टीलवर जे काम थोड्या वेळात होतं तेच ६० हार्डनेसवर हात मोडेपर्यंत करावं लागतं.

१५ जून

बेल्ट ग्राइंडर. ६० चा सिरॅमिक बेल्ट, मग १२०. धार ०.८ वरून ०.३ पर्यंत आणली, कॅलिपर प्रत्येक दोन-चार पासनंतर.

हे काम ग्लोव्हज न घालता. बोटं पात्याच्या मागे उघडी, कारण पातं किती तापलंय ते बोटालाच आधी कळतं, चटका बसायला लागला की लगेच बादलीत. टेंपर २०० ला झालंय म्हणजे धारेवर फिकट पिवळा रंग दिसला की समजायचं आपण त्या मर्यादेच्या वर गेलो, आणि निळा आला म्हणजे ३०० च्या आसपास, तिथलं टेंपर गेलं. निळा रंग पेपरने दोन मिनिटांत निघून जातो, मऊपणा मात्र तिथेच राहतो, आणि तो सुरा पुढे आयुष्यभर त्याच जागी बोथट होत राहतो. म्हणून सेकंडहँड सुरा बघताना नुसत्या चकाकीवर जाऊ नका.

मास्क लावला होता, एन-९५. ही बारीक धूळ दिसत नाही पण छातीत बसते, त्यामुळे मशीन चालू असेपर्यंत मास्क उतरवायचा नाही, चहा प्यायला सुद्धा आधी मशीन बंद, मग मास्क खाली.

२० जून

गुरुवार, सकाळपासून लाईट नाही. ग्राइंडर बंद, पण इथून पुढचं काम हाताचंच आहे त्यामुळे काही अडलं नाही. खिडकीपाशी बाक ओढून सगळी मांडणी केली.

लाकडाची एक फळी व्हाइसमध्ये धरली, तिच्यावर पातं आडवं, मुठीकडचा भाग सी-क्लॅम्पने घट्ट. फळी पात्याच्या आकाराची कापलेली हवी, धारेच्या बाहेर दोन-तीन मिमी लाकूड राहील अशी. टोक हवेत राहिलं तर दाब दिल्यावर पातं लवतं, आणि धार उघडी राहिली तर कधीतरी हात त्यावरून जातोच. हँड सँडिंगमधली बहुतेक मोठी कापाकापी अशीच होते, कारण अर्धा तास एकाच लयीत हात चालला की डोकं दुसरीकडे जातं. धारेवर मास्किंग टेपचे दोन थर पण लावले.

पेपर म्हणजे काळा वॉटर पेपर, सिलिकॉन कार्बाइडचा. ९ बाय ११ इंची शीट, तिच्या इंच-इंच रुंदीच्या पट्ट्या कापल्या की एका शीटमधून ११ इंची लांबीच्या नऊ पट्ट्या निघतात. लाकडाचा पिवळा-तपकिरी पॉलिश पेपर इथे नको, तो पाण्यात विरघळतो आणि कडक स्टीलवर लगेच गुळगुळीत होतो.

नंबराबद्दल लिहून ठेवतो कारण यात बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. पेपरच्या मागे नंबराआधी ‘पी’ छापलेला असेल तर ती युरोपची पद्धत, नसेल तर बहुतेक वेळा अमेरिकन. १२० पर्यंत दोन्ही जवळपास सारखे, पण वर गेलं की फरक वाढत जातो. पी-४०० चा कण साधारण ३५ मायक्रॉनचा, आणि अमेरिकन ४०० चा साधारण २३ चा, म्हणजे तो पी-६०० पेक्षाही बारीक. दोन ब्रँडचे पेपर मिसळून वापरले आणि मध्येच ओरखडे निघेनासे झाले तर आधी पेपरची पाठ बघायची. मी सगळा पी घेतलाय : १२०, २२०, ३२०, ४००, ६००.

पेपर गुंडाळायला लोखंडी फ्लॅट पट्टी, २५ बाय ६ मिमी, एक बाजू काचेवर घासून सपाट केलेली. मऊ रबराचा ब्लॉक नाही. रबर खळग्यात उतरतो आणि उंचवट्यावरून चढून जातो, म्हणजे सगळीकडे चमक येते आणि पातं तसंच लाटालाटांचं राहतं.

२२ जून

१२०. आज, उद्या, आणि कदाचित परवाही फक्त १२०.

मोठ्या सुऱ्यावर आधी निळा मार्कर अख्ख्या बाजूवर फासला. मग पट्टीला पेपर गुंडाळून, साबणाचं पाणी शिंपडून, पात्याला ४५ अंशात तिरकं घासायला सुरुवात. पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकतो, त्याने गंज जरा उशिरा धरतो. पाच-दहा हात मारले की निळा रंग कुठे राहिला ते दिसतं, तिथे खळगा. बेल्टने कितीही जपून काम केलं तरी खळगे राहतातच, पाठीजवळ एक लांबट होता आणि टोकाच्या अलीकडे दोन.

आता खळगा दिसला की मोह होतो की पट्टीचा कोपरा तिथेच टेकवून निळा रंग काढून टाकावा. रंग जाईल पण खळगा अजून खोल होईल. आजूबाजूचं सगळं त्याच्या पातळीला खाली आणायचं, दुसरा मार्ग नाही. म्हणजे एका नखाएवढ्या निळ्या डागासाठी पूर्ण बाजू घासत राहायची, परत मार्कर, परत घासायचं. हेच खरं सँडिंग. ४०० आणि ६०० ला लोक फार वेळ देतात आणि १२० उरकून टाकतात, माझं म्हणणं बरोबर उलटं आहे : १२० ला पातं सपाट आणि एकसारखं झालं की फिनिशिंग जवळपास झालंच, पुढचे नंबर फक्त १२० चे ओरखडे बारीक करत जातात. बारीक पेपर आकार दुरुस्त करत नाही. उलट जे वाकडं आहे ते अजून स्पष्ट दाखवतो.

पेपरची पट्टी बदलायला कंजुषी नको. कडक स्टीलवर सिलिकॉन कार्बाइडचे कण थोड्या वेळात तुटतात आणि कापायचं सोडून नुसते घसरायला लागतात, आवाज बदलतो, आधी खरखर असते ती सुळसुळ होते. तो आवाज आला की पट्टी पुढे सरकवायची. जुन्या पट्टीवर जोर देऊन दाबत राहिलं की दमायला होतं आणि काम होत नाही.

२३ जून

रविवार. शेजारच्या बिल्डिंगमधले काका आले होते, चिंचवडला टूलरूममध्ये त्यांनी आयुष्यभर प्लास्टिकच्या साच्यांचं पॉलिशिंग केलं. मी पातं त्यांच्या हातात दिलं तर त्यांनी पात्याकडे बघितलंच नाही, पात्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघितलं. पातं हळूहळू कलवत मुठीपासून टोकापर्यंत ती पांढरी रेघ सरकवली, आणि पाऊण अंतरावर थांबले.

“हे बघ, इथे रेघ मोडते. इथे अजून पोट आहे.”

१२० च्या फिनिशवर आरशासारखं काही दिसत नाही पण थोडं तेल लावलं आणि डोळ्याजवळ धरून अगदी तिरकं बघितलं की रेघ दिसते. मार्करला जे सापडलं नव्हतं ते त्यात सापडलं. कारण मार्कर आपल्या पट्टीच्या हिशोबाने चालतो, आणि हाताने पट्टी एका बाजूला किंचित झुकत असेल तर मार्करही तेच सांगतो.

मी विचारलं, “काका, तुम्ही नंबर बदलताना काय काय करायचात?” तर म्हणाले, “दिशा बदलायची, आणि हात धुवायचे.” साच्यात सुद्धा प्रत्येक नंबर आधीच्या नंबराला आडवा मारायचा, मागच्या दिशेची एकही रेघ दिसत नाही तोपर्यंत पुढचा पेपर उचलायचा नाही. आणि हात, फडकं, पाणी, फळी सगळं स्वच्छ, कारण १२० चा एक सुटा कण ४०० च्या पेपरखाली आला की परत मागे जायचं. त्यांच्याकडे प्रत्येक नंबराचं फडकं वेगळं असायचं. साच्यांच्या ग्रेडमध्ये ६०० च्या पेपरच्या फिनिशला बी-१ म्हणतात, त्याच्यावर ए ग्रेड, ते डायमंड पेस्टचं काम. म्हणजे आपण सुऱ्यावर ज्याला साटिन, म्हणजे एकाच दिशेच्या बारीक रेघांचं फिनिश म्हणतो ते त्यांच्याकडे नंबर पडलेलं, मोजून तपासलेलं काम आहे. पूर्वी तलवारी साफ करणारे शिकलगार आणि आता हे टूलरूमवाले, पॉलिशिंग हा स्वतंत्र धंदा म्हणून ज्यांनी केला त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे आणि ते सहसा कुठे लिहिलेलं सापडत नाही.

ते गेल्यावर पोट काढायला लागलो. संध्याकाळ त्यातच गेली.

२७ जून

२२० आणि ३२० झाले, तिन्ही पात्यांवर. यात सांगण्यासारखं फार नाही, २२० उलट्या तिरक्या दिशेने, ३२० सरळ आडवा, प्रत्येकाच्या आधी बादली बदलली, फडकं बदललं. इथून पुढे पाणी बंद आणि शिलाई मशीनचं तेल सुरू, हवेत इतका ओलावा आहे की पाण्याचं पातं फोन उचलून येईपर्यंत तपकिरी पडतं.

वेळ खाल्ला तो छोट्या सुरीच्या प्लंज लाइनने, म्हणजे मुठीजवळचा सपाट भाग संपून जिथे उतार सुरू होतो ती आतली गोलाई. तिथे सपाट पट्टी पोचत नाही. ६ मिमीच्या गोल सळईला पेपर गुंडाळून आडवं फिरवायचं, मग पट्टीचा एक कोपरा त्याच गोलाईत घासून घेतलेला आहे त्याने लांबीला ओढायचं. दोन्ही बाजूंच्या प्लंज समोरासमोर येतात का ते पाठीवरून बघायचं, एक बाजू अर्धा मिमी जरी मागे असली तरी डोळ्याला लगेच खटकते. आणि याच गोलाईत ६० च्या बेल्टचा एक ओरखडा लपला होता, खिडकीच्या उजेडात अजिबात दिसत नव्हता, संध्याकाळी टेबल लॅम्प बाजूने खाली ठेवला तेव्हा चमकला. तेवढ्या भागासाठी परत १२०, परत २२०, परत ३२०. प्लंजचं असंच असतं, उजेड प्रत्येक बाजूने फिरवून बघितल्याशिवाय तिथे काही झालं असं धरायचं नाही.

३० जून

पालखी पुण्यात, काम बंद. फक्त पाती पुसून परत तेल लावलं. घामाचा हात उघड्या कार्बन स्टीलला लागला की दुसऱ्या दिवशी बोटाचा ठसा गंजाने उमटतो, म्हणून हातात घेतलं की पुसूनच ठेवायचं. तेलाच्या कागदात गुंडाळून डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या.

४ जुलै

४०० झाला आणि आज मोठ्या सुऱ्याचा शेवटचा ६००.

४०० पर्यंत पुढे-मागे घासलं तर चालतं. ६०० ला पण आधी पुढे-मागेच घासायचं, ४०० च्या सगळ्या रेघा जाईपर्यंत. पण अगदी शेवटचे हात फक्त एका दिशेने, मुठीपासून टोकापर्यंत, मध्ये न थांबता एकच ओढ. कारण पट्टी जिथे थांबून उलटी फिरते तिथे सुटा कण वळसा घेतो आणि गळासारखी छोटी वाकडी रेघ उमटते. अशा शंभर रेघा असल्या तरी हातात धरून कळत नाहीत, उन्हात नेलं की सगळ्या एकदम दिसतात.

म्हणून शेवटच्या ओढीची पद्धत : पातं पूर्ण पुसून कोरडं, मग तेलाचा एक थेंब पसरवून, नवीन पट्टी, ब्लॉक आता नुसता लोखंडाचा नाही, त्यावर चामड्याचा पातळ तुकडा चिकटवलेला, म्हणजे दाब सारखा पसरतो आणि कुठलाही एक कण खोल जात नाही. (आकार आता ठरून गेलाय त्यामुळे इथे मऊ ब्लॉक चालतो, आधी नाही.) एक ओढ, पट्टीचा तेवढा भाग संपला, पेपर सरकवायचा, पातं पुसायचं, दुसरी ओढ आधीच्या शेजारी थोडी चढवून. दाब अगदी हलका. टोकापाशी पातं वर वळतं तिथे मनगट नाही वळवायचं, अख्खा हात कोपरापासून फिरवायचा, नाहीतर रेघा टोकाला सरळ पळून जातात आणि पात्याचा बाक फिनिशमध्ये दिसत नाही.

श्वासाचीही लय लागते यात. एक पूर्ण शीट दोन बाजूंच्या शेवटच्या ओढींमध्ये गेली आणि ती वाया गेली असं मला अजिबात वाटत नाही.

सुरा उन्हात नेला तेव्हा रेघा मुठीपासून टोकापर्यंत सलग, कुठे गळ नाही, ट्यूबलाइटची रेघ न मोडता सरकते. मला हे फिनिश आरशापेक्षा जास्त सुंदर वाटतं, कारण यात काही लपत नाही, हात किती स्थिर होता ते रेघ न् रेघ वाचता येतं.

७ जुलै

मित्राला आरसा फिनिश हवं होतं. त्याला बसवून समजावलं. आरशासाठी ८००, १०००, १५००, २००० आणि मग डायमंड पेस्ट किंवा बफ. बफिंग व्हील जपून वापरलं नाही तर सगळ्या कडा, प्लंजची रेघ, सगळं वितळल्यासारखं गोल करतं, आणि वर्कशॉपमधलं सगळ्यात धोक्याचं मशीन तेच, पातं पकडून फेकतं. पण माझा खरा मुद्दा वेगळा आहे. स्वयंपाकघरातल्या कार्बन स्टीलवर पहिलं लिंबू पडलं की आरशावर डाग दिसतो आणि तो घरी काढता येत नाही, साटिनवर डाग मिसळून जातो, आणि अगदीच नको असेल तर एक ६०० चा तुकडा घेऊन ज्याचा सुरा आहे तो स्वतः त्याच दिशेने ओढून दुरुस्त करू शकतो. वापरणाऱ्याला स्वतःला जपता येईल असंच फिनिश द्यावं. बारीक फिनिशवर गंज कमी धरतो हे मात्र खरं आहे, खोल रेघांमध्ये ओलावा साठतो, म्हणून तर मी २२० वर न थांबता ६०० पर्यंत जातो. बटाट्याचे काप पात्याला चिकटतात त्याचा संबंध पॉलिशपेक्षा पात्याच्या आकाराशी जास्त आहे.

तो साटिनला हो म्हणाला.

११ जुलै

परत गुरुवार, परत लाईट नाही. आज ताईच्या सुऱ्याची पॅटिना, म्हणजे पात्यावर मुद्दाम बसवलेला राखाडी थर.

रत्नागिरीची खारी हवा आणि मासे, तिथे उघडं कार्बन स्टील दोन दिवस टिकणार नाही. शिवाय नवीन उघड्या पात्याने कांदा कापला की कांदा काळपट पडतो आणि वास येतो. आधीच ॲसिडने राखाडी थर बसवला की हे दोन्ही बरंच कमी होतं. उरलेल्या तुकड्यांवर, ६०० पर्यंत घासून, तीन गोष्टी करून बघितल्या. एक फेरिक क्लोराइड, पुण्यातल्या तपकीर गल्लीत सर्किट बोर्डासाठी मिळतं ते, एक भाग त्याला चार भाग पाणी, प्लास्टिकच्या डब्यात, हातात ग्लोव्हज : गडद, एकसारखा राखाडी, झटपट. पण नंतर त्याचं ॲसिड सोड्याच्या पाण्याने नीट मारावं लागतं आणि उरलेलं मोरीत ओतता येत नाही. दुसरं साधं पांढरं व्हिनेगर, कोमट : हळू, निळसर राखाडी, थोडा ढगाळ. तिसरं कोकमाचं आगळ, कारण ताईच्या घरी ते पात्याला लागणारच आहे : यात मीठ असतं, त्यामुळे राखाडीबरोबर नारिंगी ठिपके आले. ते बघायचं होतं मला. ताईला सांगायचं की आगळ लागलं की लगेच धुवायचं.

सुऱ्यासाठी व्हिनेगर घेतलं. ॲसिटोनने तेल पूर्ण काढलं, त्यानंतर बोट लावायचं नाही, जिथे लागेल तिथे थर बसत नाही. कापसाने व्हिनेगर लावत पातं सतत ओलं ठेवलं, रंग आल्यावर वाहत्या पाण्यात धुतलं, सोड्याचं पाणी, परत धुतलं, मग २००० च्या पेपरने तेल लावून अगदी हलकेच पुसलं म्हणजे वरची सुटी काजळी निघते. परत तेच. तिसऱ्या थरानंतर रंग स्थिर झाला. खाली साटिनच्या रेघा अजून दिसतात आणि ज्या बाजूला आधी पोट होतं तिथे रंग कुठेही वेगळा पडला नाही. मग उरलेल्या तुकड्यावरच्या थरापेक्षा हा किती सलग आहे ते शेजारी ठेवून बघत बसलो.

१४ जुलै

मूठ शिसवीची, आधीच कापून ठेवलेली, पितळी पिना आणि इपॉक्सी. पात्यावर पूर्ण मास्किंग टेप, मुठीजवळ कडेला बाहेर आलेला इपॉक्सी ओला असतानाच ॲसिटोनच्या कापसाने काढला.

धार सगळ्यात शेवटी. १००० च्या दगडावर दोन्ही बाजूंनी १५ अंशाच्या आसपास, बर (धारेच्या पलीकडे उठणारी बारीक खरखरीत कड) येईपर्यंत, मग ३०००. ०.३ मिमीवरून धार काढायला फार वेळ लागत नाही. कागद, मग पिकलेला टोमॅटो, मग कांदा. कांदा पांढराच राहिला.

ताईला फोन केला. ती म्हणाली, “अरे, पण काळा का पडलाय सुरा? फोटोत गंजल्यासारखा दिसतोय.” मी म्हटलं, “ताई, मुद्दाम केलाय, तू वापरशील तसा अजून गडद होईल, त्याला घासणी लावू नकोस. वापरलास की धुऊन कोरडा पूस आणि खोबरेल तेलाचं बोट फिरव.” खोबरेल कारण ते तिच्या घरात कायम असतं आणि जवसाच्या तेलासारखं सुकून चिकट होत नाही. नारिंगी गंज दिसला तर तेवढाच भाग तेल आणि ६०० च्या पेपरने, मुठीपासून टोकाकडे. पेपरच्या चार पट्ट्या पार्सलमध्ये टाकल्यात, दिशा दाखवायला एकीच्या मागे पेनाने बाण काढून.

छोट्या सुरीचा शेवटचा ६०० बाकी आहे, प्लंजसाठी आधी नवीन कोपऱ्याची पट्टी घासून घ्यायची आहे. मित्राच्या सुरीला मूठ कुठल्या लाकडाची ते तो अजून सांगत नाही.